१/३५० वॉरस्पाइट: खोक्यावरचं साल आधी वाचा

खऱ्या नौकेच्या १/३५० मापाचा, घरी जोडायचा ‘वॉरस्पाइट’चा हा प्लॅस्टिकचा संच. त्याच्या खोक्याच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, १९४२ असं साल बारीक अक्षरांत छापलंय. संच घेणारे बहुतेक जण ते वाचत नाहीत आणि पुढच्या चुका तिथूनच सुरू होतात. नॉर्वेतल्या नार्विकच्या बर्फाळ खाडीचं किंवा पहिल्या महायुद्धातल्या जटलँडच्या लढाईच्या धुराचं चित्र मनात धरून खोकं उघडलं, की आतल्या फ्रेमांतले (भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटींतले) भाग त्या चित्राशी जुळत नाहीत. मग ‘संच चुकीचा आहे’ असा बोभाटा होतो. संच चुकीचा नाही. ब्रिटिश आरमाराच्या ‘वॉरस्पाइट’ या युद्धनौकेचा १९४२ चा अवतार त्यात चांगला उतरलाय. फक्त त्याच सालाचा.

ही एक नौका बनवायची म्हणजे निदान चार वेगळ्या नौकांतून एक निवडायची. डेव्हनपोर्टच्या गोदीत ३१ ऑक्टोबर १९१२ रोजी तिच्या बांधणीला सुरुवात झाली, २६ नोव्हेंबर १९१३ ला ती पाण्यात उतरली आणि १९१५ मध्ये सेवेत आली. तोफांच्या दोन जुळ्या, फिरत्या बुरुजांत पुढे चार, दोन बुरुजांत मागे चार, अशा आठ १५ इंची तोफा शेवटपर्यंत तशाच राहिल्या. बाकी जवळजवळ सगळं बदललं. १९२४ ते २६ मध्ये दोन धुराडी एकत्र करून एक केलं आणि पाणतीरापासून (टॉर्पेडोपासून) बचावासाठी दोन्ही कुशींना फुगवटे बसवले. १९३४ ते ३७ मध्ये पोर्ट्‌समथला तर आतडी-कोथळासुद्धा बदलला: २४ बॉयलर काढून ६ बसवले, टर्बाइनं नवी, शक्ती ८०,००० अश्वशक्ती, तोफांचा वर उठण्याचा कोन २० अंशांवरून ३० अंशांवर. जुना तिपाई डोल जाऊन पुढे ठोकळ्यासारखा उंच पूल, म्हणजे नौका हाकायची जागा, उभा राहिला, धुराड्यामागे विमानांची शेड आणि विमान फेकून उडवणारं आडवं कॅटापल्ट आलं.

त्यामुळे जटलँडचा नाद या संचापुरता सोडूनच द्यावा. ३१ मे १९१६ च्या त्या लढाईत तिचं सुकाणू अडकलं, जर्मन ताफ्यासमोर ती गोल फिरत राहिली, १५ मोठे गोळे खाल्ले आणि तरीही वाचली. पण त्या दिवशी तिला दोन धुराडी होती, फुगवटे नव्हते, पूल वेगळा होता. या संचातले निम्म्याहून जास्त भाग फेकावे लागतील. सुकाणूची ती दुखापत मात्र नंतरही तिला अधूनमधून छळत राहिली, म्हणून पाण्याखालचा भाग दाखवणार असाल तर सुकाणू अगदी मधोमध सरळ न चिकटवता पाचेक अंश वळवून ठेवलं तरी चालेल.

नार्विक करता येतं, पण काढाकाढ करायची तयारी हवी. १३ एप्रिल १९४० ला नऊ विनाशिका सोबत घेऊन ती ओफोट फ्योर्डमध्ये घुसली आणि आत अडकलेल्या आठही जर्मन विनाशिका त्या दिवशी संपल्या. तिच्या कॅटापल्टवरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानानं यू-६४ ही पाणबुडी बुडवली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या विमानानं बुडवलेली ही पहिली जर्मन पाणबुडी. इथेच पहिली अडचण येते: संचात मिळतं ते वॉलरस, म्हणजे उडती होडी. नार्विकसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या पायांवर उभं राहणारं दुपंखी स्वोर्डफिश वेगळं आणावं लागतं. दुसरी अडचण २० मिमीच्या ओर्लिकॉन तोफांची. त्या १९४१ च्या दुरुस्तीनंतरच्या. नार्विकसाठी सगळ्या वगळायच्या आणि डेकवर त्यांच्यासाठी ठेवलेली भोकं पुट्टीनं बुजवायची. भोकं बुजवायचं काम डेक चिकटवण्यापूर्वी करा. नंतर तिथे पॉलिश पेपर फिरवायला बोट जात नाही आणि घासताना शेजारच्या फळ्यांच्या रेघा पुसल्या जातात.

ग्रीसजवळच्या मातापानच्या लढाईसाठीही तेच, आणि त्यावर डोलाच्या टोकावरचे रडारचे सांगाडे काढायचे. २८ मार्च १९४१ च्या रात्री ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅम यांचं निशाण वॉरस्पाइटवर होतं, पण रडार होतं शेजारच्या व्हॅलियंटवर. बारहॅम, व्हॅलियंट आणि वॉरस्पाइट या तिघींनी साडेतीन किलोमीटरच्या आसपास अंतरावरून ‘झारा’ आणि ‘फ्यूमे’ या इटालियन क्रूझरांना उडवलं. १५ इंची तोफांसाठी हे अंतर म्हणजे हाताच्या टप्प्यावर. म्हणून मातापानची मांडणी करणार असाल तर तोफा जवळजवळ आडव्या ठेवा. त्याउलट ९ जुलै १९४० च्या कालाब्रियाच्या लढाईत तिनं ‘जुलियो चेझारे’ या इटालियन युद्धनौकेला सुमारे २४ किलोमीटरवरून गोळा मारला, चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर लागलेल्या सर्वांत लांबच्या माऱ्यांत त्याची गणना होते. तिथे तोफा चांगल्याच उचललेल्या हव्यात. एकाच संचातल्या तोफांचा कोन बघून जाणकार सांगू शकतो, की ही कुठली लढाई.

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या १९४४ च्या चढाईतला अवतार करायला सर्वांत अवघड. १६ सप्टेंबर १९४३ ला इटलीतल्या सालेर्नोसमोर जर्मन फ्रिट्झ-एक्स या रेडिओनं चालणाऱ्या बाँबनं धुराड्याजवळून आत घुसून तळ फोडला. सहापैकी पाच बॉयलरघरांत पाणी भरलं, तिला ओढत माल्टाला न्यावं लागलं. पुढची दुरुस्ती अर्धवटच झाली. ‘एक्स’ बुरूज, म्हणजे मागच्या दोनांतला वरचा, पुन्हा चाललाच नाही. ६ इंची तोफा काढून त्यांच्या खिडक्या पत्र्यानं बंद केल्या. विमानं आधीच गेली होती. ६ जून १९४४ ला सोर्ड किनाऱ्यासमोर तिनं मारा केला तो सहाच तोफांनी. तेव्हा नॉर्मंडी करणाऱ्यानं दोन्ही बाजूंच्या चार-चार ६ इंची तोफांच्या कोनाड्यांत ०.३ मिमीचा प्लॅस्टिक पत्रा कापून बसवावा, कॅटापल्टची रूळपट्टी घासून काढावी, आणि तीन बुरूज एका बाजूला वळवले तरी ‘एक्स’ बुरूज मागे सरळच ठेवावा. चारही बुरूज एका दिशेला वळवलेलं नॉर्मंडीचं मॉडेल दिसलं, की वाईट वाटतं. तिची शेवटची लंगडी सेवाच त्यातून पुसली जाते.

राहिलं १९४२, आणि आमचं मत विचाराल तर गोव्यात बसून हाच अवतार करावा. मे १९४१ मध्ये क्रीटजवळ बाँबनं तिची उजवी बाजू फोडली. अमेरिकेत ब्रेमर्टनच्या गोदीत दुरुस्ती झाली, आणि तिथून पॅसिफिक ओलांडून ती सिलोनला आली. ॲडमिरल सॉमरव्हिल यांच्या पूर्व आरमाराची ती ध्वजनौका. मालदीवमधलं अड्डू हे गुप्त बंदर, ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर जपानी विमानांचा हल्ला, ‘डॉर्सेटशायर’, ‘कॉर्नवॉल’ आणि ‘हर्मिस’ या ब्रिटिश जहाजांचं बुडणं. जपानी ताफ्याशी वॉरस्पाइटची गाठ पडली नाही. हल्ल्यानंतर ती अरबी समुद्रातून मुंबईला आली. त्याच काळात आपल्या मुरगाव बंदरात, पोर्तुगिजांच्या तटस्थ पाण्यात, ‘एरेनफेल्स’सह तीन जर्मन आणि एक इटालियन मालवाहू जहाज दडून बसली होती, मार्च १९४३ मध्ये ती तिथेच जळाली, बुडाली. आपल्याच समुद्राच्या इतिहासातलं ते पान आहे, आणि संचातले सगळे भाग न कापता, न फेकता नेमक्या त्याच पानावर बसतात.

आता खोक्याच्या आत. मापात संच पक्का आहे. खरी नौका सुमारे १९६ मीटर लांब, म्हणजे १/३५० मध्ये ५६ सेंमी. फुगवट्यांसह रुंदी ३१.७ मीटर, म्हणजे ९ सेंमीला किंचित जास्त. पट्टी लावल्यावर दोन्ही जुळतात. फुगवट्याचा उतार नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जिथे विरत जातो ती रेषा सुंदर उतरली आहे, आणि वॉरस्पाइटची ओळख बऱ्याच अंशी त्या रेषेत आहे.

कवच, म्हणजे नौकेचं बाहेरचं अंग, दोन उभ्या अर्धुकांत येतं आणि संचातली सर्वांत नाजूक जागा हीच. अर्धुकं लांब, पातळ. मध्यभागी आत झुकतात. डेक वरून ठेवला की मध्ये एक-दीड मिमीची फट राहते आणि टोकांना डेक चढतो. जोर लावून रबरबँडनं आवळून चिकटवलं तर काही आठवड्यांनी सांधा आपसूक उघडतो, कारण प्लॅस्टिकवरचा ताण तसाच राहिलेला असतो. त्याऐवजी आधी भांड्यांच्या साबणानं सगळ्या फ्रेमा धुवून वाळवा; साच्याचं तेल आणि बोटांचं खारट पाणी दोन्ही जातात. मग साधारण १० सेंमी अंतरावर २ मिमी जाडीच्या प्लॅस्टिकच्या पाच आडव्या पट्ट्या आतून बसवा. पट्टीची लांबी डेकच्या त्या जागेच्या रुंदीतून दोन्ही कवचांची जाडी वजा करून काढायची, अंदाजानं नाही. पट्ट्या २४ तास वाळू द्या, मगच डेक लावा. पातळ प्लॅस्टिक सिमेंट ब्रशनं सांध्यात ५ सेंमी सोडायचं, दाबून धरायचं, मग पुढचे ५ सेंमी. सुरुवात मध्यापासून करून दोन्ही टोकांकडे जायचं. उरलीसुरली चूक मग नाळेच्या टोकाला जमा होते आणि तिथे पुट्टी लपते.

तळाचा सांधा ४०० च्या ओल्या पॉलिश पेपरनं, नंतर ८०० आणि १००० नं. कुशीवरच्या गोल खिडक्यांवर पावसाचं पाणी अडवणाऱ्या भुवया कोरलेल्या आहेत, पेपर तिथपर्यंत जाऊ देऊ नका. आधी टेप लावून ठेवा. खिडक्या उथळ आहेत. पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल धरायच्या हातपकडीत) ०.८ मिमीचं ड्रिल धरून हातानं खोल केल्या की रंगानंतर आत काळोख दिसतो आणि जहाजाला जीव येतो. विजेचं ड्रिल नको. घर्षणानं प्लॅस्टिक वितळून कडांना चिकटतं.

पितळी जाळीकामाची पट्टी, म्हणजे फोटो-एच, संचासोबत आहे पण अपुरी. क्रेन, कॅटापल्ट आणि रडारची जाळी मिळते, कठडे मिळत नाहीत. कठड्यांची पट्टी वेगळी घ्यावी लागते. या मापात कठडा साधारण ३ मिमी उंच येतो. त्याहून उंच दिसला तर तो दुसऱ्या मापाचा आहे. हे पितळ चिकटवायला सुपरग्लू लागतो, आणि आपल्या हवेशी पहिली गाठ इथे पडते. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तो इतक्या झटक्यात धरतो, की कठडा सरळ करायला वेळ मिळत नाही. वर त्याची वाफ ओलाव्याशी मिळून आजूबाजूला पांढरी भुकटी बसते. उपाय सोपे आहेत: थेंब फरशीच्या तुकड्यावर काढायचा, तांब्याच्या तारेच्या टोकानं उचलून नेमका लावायचा, एकावेळी तीन-चार ठिपक्यांपेक्षा जास्त नाही, आणि खोलीत हवा खेळती ठेवायची. पांढरी भुकटी बसलीच तर घासू नका, प्रायमरखाली ती झाकली जाते. ग्लूची बाटली फ्रीजमध्ये ठेवणं योग्य, पण बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. गार बाटलीत आपली दमट हवा शिरली की आतच पाणी धरतं आणि अख्खी बाटली दगड होते.

तोफांच्या नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि चालून जातात. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, या मापात तोंड १.१ मिमी. संचातल्या नळ्यांची तोंडं बंद आहेत. मध्यभागी सुईनं खूण करून १ मिमीपेक्षा किंचित लहान ड्रिल हलक्या हातानं फिरवा. मध्य चुकला तर नळीची कड फाटते, म्हणून पैसे सोडायची तयारी असेल तर इथेच सोडा: खरादावर कातलेल्या पितळी नळ्या घ्या. ४ इंची तोफांच्या नळ्यांचं मात्र पितळ घेऊ नका. त्यांचं तोंड ०.३ मिमीसुद्धा नाही, हातभर अंतरावरून फरक दिसत नाही. १५ इंचींचा कोन तपासायला जाड कागदाचा त्रिकोण कापून ठेवावा: ४० मिमी लांबीच्या तिरक्या कडेला २० मिमी उंची म्हणजे ३० अंश. त्यापलीकडे या तोफा उठतच नव्हत्या, आणि संचातली खाच त्याहून वर जाऊ देते.

रंगाच्या बाबतीत सूचनापत्रक कमी पडतं. १९४२ च्या छायाचित्रांत कुशीवर गडद आणि फिकट करड्या रंगांचे तुटक पट्टे दिसतात. पत्रकात एकाच बाजूचं चित्र मोठं छापलंय आणि दुसरी बाजू कोपऱ्यात, काडेपेटीएवढी. दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी आहे, आरशातल्या प्रतिबिंबासारखी नाही. कोपऱ्यातलं चित्र फोटोकॉपीच्या दुकानात ५६ सेंमी लांबीपर्यंत मोठं करून घ्या आणि त्यावरून टेपचे साचे कापा. आधी फिकट रंग सगळीकडे, २४ तासांनी साचे, मग गडद. करडे रंग बाटलीतून जसेच्या तसे मारले की मॉडेल काळवंडलेलं दिसतं. इतक्या लहान मापात दहा थेंबांना एक थेंब पांढरा मिसळावा.

पावसाळ्यात लॅकर रंगाचा स्प्रे मारणं हा या कामातला सर्वांत मोठा धोका. थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि ताज्या करड्या रंगावर दुधट साय येते. वॉरस्पाइटच्या करड्यावर ती लगेच लक्षात येत नाही, साचे काढल्यावर दिसते आणि तोवर उशीर झालेला असतो. पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी काम करा, किंवा एसी लावून खोली तासभर कोरडी करून घ्या. थिनर सावकाश उडणारा वापरा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा आणि पाणी अडवणारी बाटली एअरब्रशच्या जवळच्या टोकाला जोडा. कॉम्प्रेसरजवळ जोडली तर लांब नळीत पुन्हा पाणी जमतं. डब्यातला स्प्रे असेल तर डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं धरावा, कढत पाण्यात कधीच नाही. ॲक्रिलिक रंगांना हा त्रास कमी, पण ते आपल्याकडे वाळायला वेळ घेतात. हाताला कोरडे लागले तरी टेप लावायला पूर्ण दिवस थांबा.

चिकटपट्टीसारखा लावायचा लाकडी डेक संचासोबत नाही, वेगळा मिळतो, आणि तो किनारपट्टीवरच्या घरासाठी आम्ही सुचवणार नाही. लाकडाचा तो कागदासारखा पापुद्रा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि बुरुजांभोवतीच्या कडा उचलल्या जातात. बुरशीही धरते. प्लॅस्टिकच्या डेकवर कोरलेल्या फळ्या पुरेशा चांगल्या आहेत. फिकट तपकिरी रंग देऊन, अधूनमधून एखादी फळी वेगळ्या छटेत रंगवली तर लाकूड कुणी मागणार नाही.

दोर आणि तारांसाठी गळाची सर्वांत बारीक तंगूस घ्यावी असा सल्ला सर्रास मिळतो. ०.१ मिमीची तंगूस या मापात ३५ मिमी जाडीचा दोर होते. डोलाच्या मुख्य आधारांना ते ठीक, पण बिनतारी संदेशाच्या तारांसाठी फारच जाड. तिथे फ्रेमचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योत न लागू देता, मऊ करून ओढलेला धागा उत्तम. लोखंडी तार कुठेही वापरू नका. खाऱ्या हवेत एकाच पावसाळ्यात गंज रंगाच्या बाहेर येतो आणि करड्या डोलावर तांबूस ओघळ उतरतात. पितळ काळं पडतं, पण रंगाला फोडत नाही.

तयार मॉडेलसाठी ॲक्रिलिकची पेटी आतून ६६ सेंमी लांब, १८ रुंद, २२ उंच घ्या. डोल धरून उंची १६ सेंमीच्या आसपास जाते आणि रडारला हात लागू नये इतकी जागा वर हवी. तळाच्या फळीत बारीक भोकं पाडून खाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवायची सोय करा, आणि पावसाळ्यात त्या दर पंधरा दिवसांनी बदला किंवा तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. पेटी समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. ऊन सरळ आलं की ब्रिटिश आरमाराच्या पांढऱ्या निशाणाचं डिकल (चिकटवायचं छापील चित्र) पिवळं पडतं. आणि मे महिन्यात मॉडेल कुठे न्यायचं असेल तर बंद गाडीत ठेवून उतरू नका. डोल आणि कठडे आधी वाकतात, मग कवच मुरडतं, आणि आत घातलेल्या पाच पट्ट्याही त्या वेळी ते सरळ धरू शकत नाहीत.